'प्रीस्टहूड कॉरिलेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : मॉर्मन चर्च या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथावरच्या एका मजकुरात 'पौरोहित्य सहसंबंध' असं वाचलं, हे बरोबर आहे का?

नाही. दोन्ही शब्द चुकलेत, दुसरा जरा जास्तच.

पौरोहित्य म्हटलं की सोवळं, पोथी, दक्षिणा आली. मॉर्मनांचा स्थानिक बिशप, म्हणजे मंडळीचा प्रमुख, दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढत असेल नाहीतर शाळेत शिकवत असेल. चर्चचं काम बिनपगारी. प्रीस्टहूड म्हणजे तिथे देवाच्या नावाने काम करण्याचा अधिकार, आणि मुलगा बाराच्या आसपास आला की त्यालाही या अधिकाराची पहिली पायरी मिळते. शिवाय आपल्याकडे पुण्यात बायका रीतसर पौरोहित्य शिकतात आणि करतात. तिथे ही दीक्षा पुरुषांनाच. मराठी बायबलात 'याजक' रुळलेला आहे, तेव्हा 'याजकत्व' घ्यावं.

'सहसंबंध' संख्याशास्त्रातला, उंची-वजनाचा असतो तो. इथे अर्थ वेगळा. 1961पासून चर्चचे एक ज्येष्ठ नेते हॅरल्ड बी. ली यांच्या पुढाकाराने चर्चच्या साऱ्या संस्था, त्यांचे अभ्यासक्रम आणि मासिकं याजकत्वाच्या, म्हणजे हा अधिकार असलेल्या पुरुष नेत्यांच्या, देखरेखीखाली आणली गेली. याला मी 'सुसूत्रीकरण' म्हणेन. शब्द गुळगुळीत आहे खरा, पण मूळ शब्दही तसाच आहे. झालं ते केंद्रीकरण, आणि तुमच्या स्वतःच्या वाक्यात तसं बेधडक लिहा. फक्त योजनेच्या नावात ते घुसडू नका.

रिलीफ सोसायटीचंच बघा. 1842 साली इलिनॉयमधल्या नाऊवू गावात स्थापन झालेली ही बायकांची संस्था. स्वतःची वर्गणी, हस्तकलेच्या विक्रीतून उभा केलेला पैसा, 1915पासून स्वतःचं मासिक. 1970मध्ये पैशाचा कारभार याजकत्वाकडे गेला आणि वर्षअखेर मासिकही बंद झालं. जानेवारी 1971पासून प्रौढांसाठी एकच मासिक उरलं, 'एन्साइन'; तेही 2020च्या अखेरीस बंद झालं.

अशा संस्थांना इंग्रजीत ऑग्झिलरी म्हणत. 'साहाय्यक संस्था' चुकीचं नाही, पण आपल्या विद्यापीठांची भाषा इथे जास्त कामाची आहे : आधी त्या संलग्न महाविद्यालयांसारख्या होत्या, नंतर विद्यापीठाच्या विभागांसारख्या झाल्या.

'रिलीफ सोसायटी' मात्र तशीच राहू द्या. 'मदत मंडळ' केलंत तर वाचणाऱ्याला पूरग्रस्तांना ब्लँकेटं वाटणारे लोक दिसतील.