उलटणारी गाय, प्रोबायोटिक आणि तारण ठेवायचं सोनं

निपाणीजवळच्या एका वाचकाचं पत्र आहे. दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, संकरित दुधाळ जातीच्या) गायी, एक म्हैस. एक गाय तीनदा भरवूनही (रेतन करूनही) उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दुसरी गाय आणि म्हैस गाभण आहेत. एका विक्रेत्यानं तिन्ही जनावरांसाठी वर्षभराचं प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव) १८,००० रुपयांना आणि सुनेला दिवस राहावेत म्हणून प्रोबायोटिकच्याच कॅप्सूल ६,००० रुपयांना देऊ केल्यात. बायकोचं सोनं १२ टक्क्यांनी तारण ठेवू का, असं विचारलंय.

ठेवू नका. वर्षाचं व्याजच २,८८० रुपये होतं.

तरी विक्रेत्याचं एक म्हणणं खरं आहे: गाय उलटली की तोटा होतो. गाभण न राहिलेली गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. तुमच्या हिशेबानं तिचं खाणं रोजचं २०० रुपये. म्हणजे एकदा उलटली की ४,२०० रुपये गेले, तीनदा म्हणजे १२,६००. हा तोटा थांबवायलाच हवा. पण ती का उलटते ते कुणी पाहिलंय? गर्भाशयात संसर्ग असेल, खनिजं कमी पडत असतील, नाहीतर रेतनाची वेळच चुकत असेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे डॉक्टर मोकळे होतील तेव्हा, असं चालतं! आधी पशुवैद्यांकडून तपासणी, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि कॅलेंडरवर माजाच्या तारखा. यावर आधी खर्च करा.

यीस्टचं प्रोबायोटिक अगदीच फुकट नाही. विण्याआधी तीन आठवडे आणि व्यायल्यावर दोनेक महिने दिलं तर पोट सावरतं, खाणं वाढतं. तेवढ्यापुरतं, गाभण गायीला सुटं घ्या. वर्षभराचं पॅकेज कशाला?

सुनेचा हिशेब गोठ्याच्या वहीत नकोच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस या उपयोगी जिवाणूमुळे योनिमार्गातला जिवाणूंचा असमतोल १२ आठवड्यांत पुन्हा होण्याचं प्रमाण ३० टक्के राहिलं. त्याऐवजी नकली औषध दिलेल्या गटात ते ४५ टक्के होतं. पण ते योनिमार्गात ठेवायचं औषध होतं, गिळायची कॅप्सूल नव्हे, आणि त्यानं दिवस राहतात असं त्यातून सिद्ध होत नाही. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून झाले असतील (सून पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने), तर दोघांनी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. तुमच्या पत्रात मुलाच्या तपासणीचा उल्लेखच नाही. वीर्यतपासणी ६,००० च्या कॅप्सूलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. पहिले पैसे तिथे घाला.