खिडकीजवळचं टेबल

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून आम्ही पाच जण पुण्यातल्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. आठ दिवस आधी खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलं होतं, ‘कन्फर्म’ असा व्हॉट्सअ‍ॅपही आला होता. बसवलं मात्र किचनच्या दाराशी. दार उघडलं की भांड्यांचा खडखडाट. आईने शेवटी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. पुरणपोळी म्हणून बिस्किटाएवढ्या चकत्या आल्या, वर पांढरा फेस. बाबांनी काट्याने फेस बाजूला सारला आणि विचारलं, “तूप कुठाय?” मसालेभात कोमट. बिल १३,८६० रुपये. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि पाण्याच्या चार बाटल्यांचे ४८०. आई म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं. तक्रार करू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : करा, पण सगळ्याची नको. मी सव्वीस वर्षं हॉटेलात काढली, त्यातली शेवटची नऊ कॅप्टन (वाढप्यांचा प्रमुख) म्हणून. कुठे दाद लागते आणि कुठे नाही, ते थोडंफार कळतं.

पाण्याचं सोडून द्या. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना मोकळीक दिली आहे. फेसाचंही सोडा. चवीवर कायदा नाही (असता, तर आमचे दोन शेफ आत असते). कोमट भात पहिल्या घासाला कॅप्टनला दाखवला असता, तर मुकाट्याने दुसरा आला असता. ताट रिकामं झाल्यावर बोललं की आम्ही माफी मागायचो आणि आइस्क्रीम पाठवायचो.

सर्व्हिस चार्ज मात्र सोडू नका. न विचारता तो बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तुमच्या बिलात जेवण-पाणी १२,०००, चार्ज १,२०० आणि वर ५ टक्के जीएसटी. म्हणजे चार्जवरचे ६० धरून १,२६० मागायचे. आधी मॅनेजरला ईमेल करा, बिलाचा फोटो जोडा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. वाढप्या पोराला टीप द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या.

आता टेबल. ऐन वेळी बडं गिऱ्हाईक आलं की कुणाला तरी दाराशी सरकवावं लागतं. आम्ही नजरेनेच हेरायचो, आवाज न चढवणारं कुटुंब कोणतं. सोबत म्हातारी माणसं असली की काम सोपं, ती भांडू देत नाहीत. तुमच्या आई-बाबांच्या जिवावर कुणीतरी तेच केलं असणार. त्या ईमेलला ‘कन्फर्म’चा स्क्रीनशॉटही जोडा आणि बिलाचा वरचा कोपरा कापू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिथे टेबलाचा नंबर स्वच्छ दिसतोय. खिडकीजवळ कोणते नंबर आहेत, एवढंच त्यांना विचारा.