सिंहस्थासाठी सोनं गहाण ठेवून 15 लाखांचा माल भरावा का?

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. 2016 च्या पुरात माल आणि वह्या पाण्यात गेल्या, पाठोपाठ नोटबंदी आली, मग करोना. आता कुठे सावरलो आहोत. मिस्टरांचं म्हणणं, 2015 च्या सिंहस्थात आपल्याला माल कमी पडला, ती चूक या वेळी नको. गंगाजळाचे गडू आत्ताच 15 लाखांचे भरून ठेवू. त्यासाठी बँकेतली 6 लाखांची ठेव मोडायची आणि माझ्या सोन्यावर 9 लाख उचलायचे. महिना 8 हजार भाड्याचं गोडाऊनही बघून ठेवलं आहे. पतसंस्थेत आणखी 3 लाख आहेत, ते दिवाळीत सुटतात. एक गडू आम्हाला 180 ला पडतो आणि 240 ला जातो. एरवी रोज दहा-बारा विकले जातात. शेजारचे सहा दुकानदार म्हणतात, सगळे मिळून माल घेऊ. मुलगी यंदा बारावीला आहे. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुरानंतर सहा दिवस घागरींच्या तोंडातला गाळ काढत बसलो आणि चिंच-मीठ लावून एकेक भांडं पुन्हा उभं केलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तिथे मी बराच वेळ थांबलो. ज्या घराने एवढं सोसलं, त्या घराला सिंहस्थासारखा बारा वर्षांनी येणारा मोका दिसला की हात मोकळा सोडावासा वाटणारच. तुमच्या यजमानांना मी चूक म्हणणार नाही. माल भरायला हवाच. माझी हरकत आहे ती माल किती, केव्हा आणि कुणाच्या पैशाने भरायचा याला.

आधी तुमच्याच आकड्यांवर बोलू. 15 लाखांत 8,300 च्या वर गडू येतात. रोजची विक्री आताच्या मालातून होतच राहील, हे गडू त्याहून वरचे धरू. सोन्यावरच्या 9 लाखांना 11 टक्क्यांनी वर्षाला 99 हजार व्याज. ठेव मोडली की तिचं 7 टक्क्यांनी येणारं 42 हजारांचं व्याज बुडालं. म्हणजे महिन्याला पावणेबारा हजार, एका गडूमागे 60 रुपये सुटतात त्या हिशोबाने 196 गडू. एरवीच्या विक्रीतले अठरा दिवसांचे गडू नुसत्या व्याजात जाणार.

आता वर्षाचं गणित. व्याजाचे 1 लाख 41 हजार, गोडाऊनचे 96 हजार, मिळून 2 लाख 37 हजार. सगळा माल गेला तर 5 लाख सुटतील आणि खर्च वजा जाता हातात अडीच लाखांच्या थोडं वर राहील. चांगली रक्कम आहे, नाही म्हणत नाही. पण अर्धाच माल गेला तर सुटतात अडीच लाख आणि राहतात जेमतेम 13 हजार. साडेसात लाखांचं तांबं गोडाऊनमध्ये पडून, सोनं अजून तारणच आणि ठेव संपलेली.

यजमान यावर म्हणतील, तांबं काही नासत नाही. खरं आहे. तांब्याचा भाव चढला तर पडून राहिलेल्या मालावरही फायदा होईल. पण उतरला तर? आणि माल मोडीत द्यायची वेळ आली तर घडणावळ पूर्ण बुडते, धातूच्या वजनाचेच पैसे हातात येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोड घेऊन नवीन भांडं देणं हा तुमचा रोजचा व्यवहार आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी तारखांची आहे. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आणि अमृतस्नानं, म्हणजे पूर्वीची शाही स्नानं, 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर 2027 ला. तुमची मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेली तर तिच्या प्रवेशाच्या फेऱ्या नेमक्या त्याच दिवसांत चालू असतील. आज घेतलेल्या वर्षभराच्या सोनेतारणाची मुदतही तेव्हाच भरते आणि मुद्दल-व्याज मिळून दहा लाखांच्या घरात एकरकमी मागणी येते. त्याच आठवड्यांत गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर येण्याचे दिवस असतात. 2016 चा पूर ऑगस्टमध्ये आला, 2019 चाही ऑगस्टमध्येच, 2008 चा सप्टेंबरमध्ये. पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पाणी मोजणारं आपलं गाव, आपल्याला हे विसरून कसं चालेल? कॉलेजची फी, सोन्याची मुदत, पुराची भीती आणि विक्रीचा हंगाम हे सगळं तुम्ही एकाच दीड महिन्यावर टांगताय.

गर्दीबद्दलही एक गोष्ट. 29 ऑगस्ट 2015, पहिलं शाही स्नान. त्या दिवशी मी रविवार कारंजापर्यंत चालत गेलो होतो. बॅरिकेड्स इतके होते की भाविक दुरूनच वळवले जात होते. कितीतरी दुकानं उघडी होती, माल मांडलेला होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या स्नानांना बंदोबस्त सैल झाला आणि माणसं आली. म्हणून मी गडूच्या विक्रीचा अंदाज स्नानाच्या तीन दिवसांवर बांधणार नाही. पर्वकाळ मोठा आहे, ध्वज उतरणार तो 2028 च्या जुलैमध्ये. गावोगावहून एसटी आणि ट्रॅव्हल्सने येणारी माणसं स्नानाची तारीख टाळून, गर्दी ओसरल्यावर येतात, पंचवटीत हिंडतात आणि निवांत खरेदी करतात. तुमचं खरं गिऱ्हाईक ते आहे आणि ते वर्षभर थोडं थोडं येत राहील.

म्हणून एकदम भरू नका, माल फिरवा. दिवाळीत पतसंस्थेतले 3 लाख सुटतील, ते पुन्हा तिथे न ठेवता धंद्यात आणा. तसेही ते मला तिथे नको आहेत. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. या 3 लाखांत साडेसोळाशे गडू येतात, ध्वजारोहणानंतरच्या हंगामाला तेवढे पुरतील. त्यातून विक्रीचा खरा वेग कळेल.

मोठ्या खरेदीसाठी बँकेतून 5 लाखांची खेळत्या भांडवलाची मर्यादा आत्ताच मंजूर करून ठेवा आणि ती 2027 च्या जुलैपर्यंत वापरू नका. मुद्रा योजनेतल्या 'किशोर' गटात 5 लाखांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी, जीएसटी रिटर्न्स, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि खात्याचा उतारा घेऊन शाखेत जा आणि मुदत कर्ज नको, कॅश क्रेडिट हवं असं स्पष्ट सांगा. त्यात जेवढे पैसे उचलाल तेवढ्यावरच, तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. 5 लाख 12 टक्क्यांनी तीन महिने पूर्ण वापरले तरी व्याज होतं 15 हजार. कुठे 1 लाख 41 हजार आणि कुठे हे! पतसंस्थेचे 3 आणि बँकेचे 5 मिळून साडेचार हजारांच्या आसपास गडू एका वेळी हाताशी राहतात. ते विकून त्याच पैशांत पुन्हा भरले की यजमानांच्या मनातला आठ हजारांचा आकडाही गाठता येतो, आणि तो गाठला नाही तरी कुणी दारात येत नाही.

यजमानांची खरी भीती मला कळते. ऐन वेळी कारखानदार म्हणेल माल नाही, तर? त्यासाठी गोडाऊन भरायची गरज नाही, आज बयाणा देऊन लेखी ऑर्डर नोंदवा. गडू किती, कोणत्या महिन्यात किती नग, घडणावळ किती हे आज ठरवा आणि धातूचा भाव माल उचलायच्या दिवसाचा ठेवा. ऑर्डर हाताशी असली की कारागिरालाही बरं पडतं, त्याला पत्रा घेता येतो. उत्पादक उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास 45 दिवसांच्या आत, नसल्यास 15 दिवसांत चुकते करा. थकवले तर करासाठी तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही.

गडूवर 'सिंहस्थ 2027, नाशिक' असं कोरून घ्यायचं तुम्ही लिहिलं आहे. कृपा करून सगळ्यावर कोरू नका. शंभरातल्या वीसेकांवर कोरा, बाकीच्यांना कागदी पट्टी चिकटवा. राहिलेला साधा गडू 2028 च्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात जाईल, लग्नसराईत रुखवतावर जाईल. साल कोरलेला गडू मात्र पर्व संपलं की मोडीतच जायचा.

आता शेजारच्या सहा दुकानांचं. ही कल्पना मला फार आवडली, पण ती कशी करायची यावर सगळं आहे. 2010 साल आठवा. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडला, माल अडकला आणि जिल्ह्यातल्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सह्याद्री फार्म्स उभी राहत होती. तिथे बाग ज्याची त्याचीच राहिली. पॅकिंग, शीतगृह, प्रक्रिया, परदेशातली विक्री, म्हणजे एकट्याला न झेपणारं जे जे, ते सगळ्यांनी मिळून उभं केलं. तुम्हीही तेवढंच करा. सात दुकानांची ऑर्डर एकत्र जाऊ दे, म्हणजे घडणावळीत सूट मागता येईल. गोडाऊन एकत्र घ्या, प्रत्येकाला महिना साडेअकराशेच्या आसपास भाडं येईल, आणि ते पूररेषेच्या बाहेर घ्या, द्वारका चौकाच्या बाजूला. पण बिल ज्याच्या त्याच्या नावावर, ज्याच्या त्याच्या जीएसटी क्रमांकावर. पैसे ज्याचे त्याने भरायचे. कुणी कुणाच्या कर्जाला जामीन राहायचं नाही. हे शेवटचं शेजाऱ्याला तोंडावर सांगणं अवघड असतं, म्हणून पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून सातही जणांच्या सह्या घ्या.

माझे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक अशील आहेत, छोटं वर्कशॉप. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी भरवशावर त्यांनी 2018 मध्ये कर्ज काढून मशीन घेतलं. 2019 मध्ये वाहन उद्योग थंडावला, काम आटलं, हप्ता मात्र आटला नाही. ते तगले ते द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचे सुटे भाग करायला घेतले म्हणून. आणि करता आले, कारण घरातलं सोनं आणि मुलाच्या शिक्षणाची ठेव शाबूत होती, चार महिने नवीन काम शोधायला सवड मिळाली. तुमचंही तसंच झालं आहे, ताई. पुरानंतर तुम्ही स्टील ठेवलं, करोनात फोनवर ऑर्डर घेऊन तांब्याच्या बाटल्या घरपोच दिल्या. दर वेळी वळायला जागा होती, कारण डोक्यावर मोठं कर्ज नव्हतं.

विम्याचं थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पुराचं संरक्षण येतं. मालाची रक्कम हंगामातल्या सगळ्यात मोठ्या साठ्याएवढी लिहा. माल 12 लाखांचा आणि विमा 6 लाखांचा असला की नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. गोडाऊनचा पत्ता पॉलिसीत वेगळा नोंदवून घ्या, नाहीतर तिथला माल विम्यात धरलेलाच नसतो.

आणि वह्या. पुरात भांडी धुऊन निघाली, पण उधारीची वही भिजली आणि सव्वा लाखाची उधारी तिच्याबरोबर गेली, असं तुम्ही लिहिलं आहे. रोज रात्री गल्ला मोजून झाला की त्या दिवसाच्या पानाचा फोनवर फोटो काढा आणि मुलीच्या फोनवर पाठवून ठेवा. एवढंच.

सोन्याचं शेवटी मुद्दाम लिहितो आहे. ते तुमचं स्त्रीधन आहे, कायद्यानेही तुमचंच. तारणाच्या कागदावर सही तुमची लागेल. त्या घरात एवढी वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बाईला 'नको' म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. ते सोनं पुरासारख्या दिवसासाठी राहू द्या. बँकेतली 6 लाखांची ठेवही जिथे आहे तिथेच राहू दे.

एक काम मात्र या आठवड्यात करा. 2015 मध्ये माल कमी पडला ही यजमानांची आठवण आहे, पण त्या सालची तुमची वही पुढच्याच वर्षी पाण्यात गेली. किती कमी पडला, स्नानाच्या दिवशी की त्यानंतर, हे आज तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हा ज्या कारखानदाराकडून गडू घेत होतात त्यांच्याकडे जा आणि 2015 च्या जुलै ते नोव्हेंबरमधली तुमच्या नावाची बिलं त्यांच्या दप्तरात सापडतात का बघा. त्यांच्या वह्या भिजलेल्या नसतील. तो आकडा घेऊन यजमानांसह या, मग पहिली ऑर्डर किती नगांची द्यायची ते एकत्र बसून ठरवू.