आठवीच्या वर्गाकडून विज्ञानाचे व्हिडिओ करून घ्यायचे असल्यास नियोजन कसे करावे?

आपला प्रश्न असा आहे की, आठवीच्या चाळीस विद्यार्थ्यांकडून विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करून घ्यायचे आहेत, हाताशी शिक्षकांचे दोन मोबाइल आणि संगणक कक्षातील काही जुने संगणक एवढेच आहे, तर सुरुवात कोठून करावी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि असे प्रकल्प वर्गात नियमित घेते. माझ्या मते सुरुवात साधनांपासून न करता प्रश्नापासून करावी. ‘पाण्याचे महत्त्व’ किंवा ‘पर्यावरण रक्षण’ असा विषय दिला की मुले घोषणा पाठ करून कॅमेऱ्यासमोर म्हणतात आणि त्यातून त्यांना काय समजले हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर डोळ्यांनी दिसू शकते असा एकच प्रश्न प्रत्येक गटाला द्यावा.

उदाहरणार्थ, ताटलीत रंगीत पाणी घेऊन त्यात पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा, हा प्रयोग आपल्याला ठाऊक असेलच. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. मुले संहितेत, म्हणजे व्हिडिओसाठी लिहिलेल्या निवेदनात, बहुधा असे लिहितात की, ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. अशा वेळी मी चूक लगेच दाखवत नाही. ग्लासाच्या कडेजवळ मोबाइल स्थिर ठेवून चित्रण करायला आणि ते संथ गतीने पुन्हा पाहायला सांगते. मग त्यांच्या लक्षात येते की, ग्लास ठेवताच कडेखालून बुडबुडे बाहेर पडतात, ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, आणि ती विझल्यावर मात्र भराभर चढते. ऑक्सिजन हेच कारण असते, तर पाणी ज्योतीबरोबर हळूहळू चढायला हवे होते. एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवल्या तर पाणी आणखी वर जाते, आणि ग्लासात ऑक्सिजन तर काही वाढलेला नसतो. उष्णतेने प्रसरण पावलेली हवा बाहेर पडते, उरलेली हवा थंड होऊन तिचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो, हे मुख्य कारण मुले मग स्वतः मांडतात. व्हिडिओ प्रकल्पाचे खरे मोल मला येथे वाटते, कारण फळ्यावरच्या स्पष्टीकरणाला थांबवून मागे नेता येत नाही.

म्हणूनच वेळापत्रकात पहिले चित्रण संहितेच्या आधी ठेवावे. ते केवळ निरीक्षणासाठी असते. आठवड्याला दोन तासिका धरल्या, तर चार आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात प्रश्न आणि निरीक्षण, दुसऱ्यात संहिता, तिसऱ्यात सलग दोन तासिका जोडून अंतिम चित्रण आणि चौथ्यात संकलन व सादरीकरण. पाच-पाच जणांचे आठ गट केले की दोन मोबाइलवर एका वेळी दोन गटांचे चित्रण चालते. त्या वेळी बाकीच्यांच्या हाती संहितेची दुरुस्ती किंवा आकृत्या काढण्याचे काम असलेच पाहिजे, अन्यथा वर्ग आवरणे कठीण जाते. कामे गटात फिरती ठेवावीत, म्हणजे बोलकी मुलेच कायम पडद्यावर आणि लाजरी मुले कायम साहित्य उचलायला, असे होत नाही.

व्हिडिओ दोन मिनिटांहून मोठा नसावा. तेवढ्या निवेदनाला साधारण दोनशे ते सव्वादोनशे शब्द लागतात, आणि ही मर्यादा घातली की मुले अनावश्यक वाक्ये स्वतःच कापू लागतात. कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात काय दिसेल आणि उजव्या अर्ध्या भागात काय ऐकू येईल, हे लिहून घ्यावे. तो कागद तपासल्याशिवाय मोबाइल देऊ नये.

चित्रापेक्षा आवाजाची काळजी जास्त घ्यावी. पंखा बंद, खिडकी लावलेली, मोबाइल एअरप्लेन मोडवर आणि बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, एवढ्याने फरक पडतो. निवेदन वेगळे ध्वनिमुद्रित करून चित्रावर बसवले तर आणखी सोपे जाते. मोबाइल आडवा धरावा आणि ७२० पी दर्जा निवडावा, कारण फुल एचडीमध्ये एका मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी जागा सहज लागते आणि जुने संगणक अडखळतात. संकलनासाठी ओपनशॉट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. चित्रपटगीते पार्श्वसंगीत म्हणून वापरू देऊ नयेत. चित्रे हवी असल्यास विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावरून घेऊन शेवटी श्रेय द्यावे.

मुलांचे चेहरे दिसणार असतील, तर पालकांची लेखी संमती चित्रणाआधी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. मी स्वतः शक्यतो फक्त हात, साहित्य आणि आवाज यांवरच चित्रण भागवते; विज्ञानाला चेहरा लागत नाही.

गुण देताना संकलनाच्या सफाईला फारसे महत्त्व देऊ नये, कारण घरी चांगला मोबाइल असलेल्या मुलांनाच त्याचा लाभ मिळतो. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, ‘प्रकल्प’ हे साधन आहेच. त्याखाली पहिली संहिता, निरीक्षणांची नोंद आणि सुधारलेली संहिता अशी तीन कागदपत्रे जोडावीत. व्हिडिओ सातवीच्या वर्गाला दाखवून त्यांचे प्रश्न गटाने लिहून घ्यावेत आणि उत्तरे गटातील कोणत्याही एका विद्यार्थ्याला तोंडी विचारावीत. कोणाला समजले आणि कोणी केवळ वाचून दाखवले, हे तेथे लगेच कळते.