वाचकांचे प्रश्न : धोक्याचा इशारा फोनवर येतो कसा?

प्रश्न : माझे सिमकार्ड पुण्यात घेतलेले आहे आणि नोकरीनिमित्त आता मी नागपुरात, अंबाझरी तलावाच्या खालच्या भागात राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हापासून रात्री पाऊस वाढला की झोप लागत नाही. नागपूरसाठी दिलेला इशारा पुण्याच्या नंबरवर येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी आपल्याला कुठेही नाव नोंदवावे लागणार नाही. २०२३ च्या जुलैपासून देशभर अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजून थरथरले होते आणि ‘हा नमुना चाचणी संदेश आहे’ असा मजकूर पडद्यावर आला होता, हे आपल्याला आठवत असेल. ती चाचणी ‘सेल ब्रॉडकास्ट’ नावाच्या पद्धतीची होती. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांच्यासाठी ही यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केली. अंबाझरी ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, त्या दिवसांत ती चाचणीच्याच टप्प्यात होती.

नेहमीचा एसएमएस एका नंबरहून दुसऱ्या नंबरला जातो. लाखो लोकांना सावध करायचे झाले, तर यंत्रणेला तितकेच वेगवेगळे संदेश पाठवावे लागतात. त्यात वेळ जातो आणि घाबरलेले लोक एकाच वेळी फोन करू लागले की वाट आणखी अडते. सेल ब्रॉडकास्ट मात्र गावातल्या दवंडीसारखे आहे. कोतवाल दवंडी देतो तेव्हा त्याच्याकडे गावकऱ्यांची यादी नसते. जो त्या वेळी गावात असेल तो ऐकतो, मग तो पाहुणा का असेना. तसेच टॉवर आपल्या टापूत सर्वांसाठी एकच संदेश प्रसारित करतो आणि त्या टॉवरच्या कक्षेत असलेला, ही सोय सुरू असलेला प्रत्येक चालू फोन तो उचलतो. म्हणून नंबर पुण्याचा आहे की नागपूरचा, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही; आपण त्या घटकेला कुठे आहात एवढेच महत्त्वाचे. याचीच दुसरी बाजू अशी की, आपण त्या रात्री माहेरी पुण्याला असाल, तर नागपूरचा हा इशारा आपल्या फोनवर वाजणार नाही, आणि घरी राहिलेल्यांच्या फोनवर मात्र वाजेल.

इशारा ठरतो कुठे, हेही जाणून घेण्यासारखे आहे. पाऊस आणि विजांचा अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो, नद्यांच्या पुराचा केंद्रीय जल आयोग. अशा संस्थांचे इशारे ‘सचेत’ या एकत्रित व्यवस्थेत ठरावीक नमुन्यात भरले जातात : धोका कोणता, किती तीव्र, किती तातडीचा, किती खात्रीचा आणि नकाशावरच्या कोणत्या क्षेत्राला. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेची संमती मिळाल्यावर तो संदेश मोबाइल कंपन्यांकडे जातो आणि त्या क्षेत्राला व्यापणारे टॉवर निवडले जातात. टॉवरची कक्षा आखलेल्या रेषेपाशी नेमकी थांबत नाही, त्यामुळे शेजारच्या वस्तीतही कधी फोन वाजतो. ती चूक समजू नये.

एक बाब फारशी बोलली जात नाही. या संदेशाच्या एका पानात, म्हणजे एका तुकड्यात, रोमन लिपीतली ९३ अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र जेमतेम चाळीस चिन्हे, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह रोमन अक्षराच्या दुपटीहून अधिक जागा घेते; त्यातही प्रत्येक काना-मात्रा स्वतंत्र मोजली जाते. संदेश जास्तीत जास्त १५ पानांचा होऊ शकतो, म्हणजे मराठीत सुमारे सहाशे चिन्हे. माझ्या मते एवढी जागा पुरेशी आहे, पण ती सौजन्याच्या वाक्यांत घालवणे परवडणारे नाही : कुठे, केव्हा आणि आता काय करायचे, हे पहिल्या दोन ओळींत आलेच पाहिजे.

प्रश्न : यावरून सरकारला माझा ठावठिकाणा कळतो का?

उत्तर : नाही. हे प्रसारण एकाच दिशेने होते. आपला फोन पोच देत नाही, त्यामुळे संदेश कोणाला मिळाला हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही.

प्रश्न : माझे वडील काटोलजवळ संत्र्याची बाग सांभाळतात. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. विजेचा इशारा त्यांना मिळेल का?

उत्तर : या पद्धतीला इंटरनेट लागत नाही आणि रिचार्ज संपलेला असला तरी अडत नाही, जुन्या टू-जी जाळ्यातही तिची सोय आहे. परंतु तो संदेश मोठ्या आवाजात वाजवायचा की मुकाट्याने दाखवायचा, हे फोनच्या घडणीवर अवलंबून असते आणि अनेक साध्या फोनांत ही सोय बंद असते. संदेशांच्या सेटिंगमध्ये ‘सेल ब्रॉडकास्ट’ असा पर्याय दिसल्यास तो सुरू करून द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते, पण त्याला स्मार्टफोन लागतो, आणि ते आपल्या नागपूरच्या फोनवर असले तर आपल्या आसपासच्या विजा सांगेल, बागेवरच्या नव्हे. त्यामुळे शेजारच्या बागेत ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यांनी इशारा येताच बाबांना हाक मारावी, असे आजच ठरवून टाकावे. फोन वाजो अथवा न वाजो, गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे, हे त्यांना पुन्हा सांगावे.

प्रश्न : त्या आवाजाने माझी लहान मुलगी घाबरते. तो बंद करता येतो का? शिवाय संदेश खोटा असला तर?

उत्तर : अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा व आणीबाणी विभागात ‘वायरलेस आणीबाणी इशारे’ हा पर्याय असतो, त्यातील चाचणीचे संदेश तेवढे बंद ठेवावेत आणि खरे इशारे सुरूच राहू द्यावेत. मुलीला एकदा शांतपणे सांगून ठेवले, की हा आवाज आला म्हणजे आई-बाबांजवळ यायचे, तर तिची भीती बरीच कमी होईल. खोटेपणाबाबत एवढे लक्षात असू द्यावे : खरा इशारा पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील कधीही मागत नाही. पुढे ढकललेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाविषयी शंका वाटली, तर तो आणखी कुणाला पाठवण्याआधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर विचारावे. जिवाला धोका असेल तर मात्र थेट ११२ लावावा.