पहिल्या डीएसएलआरसोबत काय घ्यावं? आधी घट्ट झाकणाचा एक डबा

तुमचा प्रश्न असा: 'नुकतीच नोकरी लागली आहे, मुंबईत राहतो, बजेट ५० हजार. पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय. बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, दुसरी झूम लेन्स, यांतलं काय लागतंच?' आणि खाली जाता जाता विचारलंय, 'पावसाळा तोंडावर आलाय, तोवर कॅमेरा कपाटात नीट गुंडाळून ठेवला तर चालेल ना?'

नाही चालणार. बाकीचं सांगणारे तुम्हाला शंभर भेटतील. मी या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय.

माझा पहिला कॅमेरा निकॉन डी३२००. २०१२च्या दिवाळीचा बोनस आणि आईने भिशीतून घातलेली भर. तेव्हा आम्ही गिरगावात, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. खोका उघडायच्या आधी अण्णांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "यात फोटो किती निघतात?" अण्णांचा स्वतःचा कॅमेरा आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा. माझ्या भावाच्या मुंजीचे एकूण बारा फोटो आहेत, त्यातल्या दोनांत नुसती गुरुजींची पाठ. अशा माणसासमोर मी एका संध्याकाळी चौपाटीवरून चारशे फोटो काढून आणले. त्यातले तीनशे नव्वद एकसारखे होते हे कबूल. अण्णा म्हणाले, "अगं, झिजेल ना तो!"

आता झिजण्याचं म्हणाल तर या वर्गातल्या बॉडीचं (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचं) शटर साधारण १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. रोज ५० फोटो काढले तरी साडेपाच वर्षं जातात. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला होता. तो कागद त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत ठेवला आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

२०१३च्या जूनमध्ये ऑफिसने मला अडीच-तीन महिन्यांसाठी हैदराबादला पाठवलं. कॅमेरा नेणार होते. अण्णा म्हणाले, "परक्या गावात, चार मुलींच्या खोलीत, कशाला? मी ठेवतो जपून." आणि जपून म्हणजे किती जपून! आधी लेन्स मऊ पिवळ्या फडक्यात. मग ती कॅमेऱ्याच्या फोमच्या बॅगेत. बॅग साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला रबर. मग लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, आईच्या शालूशेजारी, वर चार डांबर गोळ्या. कपाटाला कुलूप. आणि ते कपाट ज्या भिंतीला टेकलेलं, त्या भिंतीला दर पावसाळ्यात खालपासून कमरेपर्यंत ओल चढायची.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात परत आले. कॅमेरा काढला तर बॅगेला कुबट वास. ३५ एमएमची लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली आणि माझ्या पोटात गोळा आला. काचेच्या आत, कडेपासून मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू. बाहेरून पुसून काय होणार! यालाच फंगस म्हणतात. ती काचेवर जगते, ओलाव्यावर आणि बारीक धुळीवर पोसते, आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं.

फोर्टात एका पोटमाळ्यावर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी टॉर्च मारली आणि म्हणाले, "पावसाळ्यात माझ्याकडे दोनच तऱ्हेच्या लेन्स येतात. भिजवलेल्या आणि ठेवलेल्या. ठेवलेल्या जास्त." १८०० रुपये घेतले, तंतू गेले, पण कोटिंगवरचा डाग राहिला. अजून आहे. दिवा समोर असला की फोटोत त्या बाजूला दुधाळ झाक येते.

घरी येऊन मी माहितीपुस्तिका काढली. तीत सरळ लिहिलेलं होतं: डांबर गोळ्या किंवा कापराच्या गोळ्यांसोबत ठेवू नका. हवा खेळत नाही किंवा आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाते अशा जागी ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा आणि चार वेळा शटर दाबा. मी अण्णांना शब्दन् शब्द वाचून दाखवला. अण्णांनी चष्मा लावून पुस्तिका उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "हे जपानच्या हवेसाठी लिहिलंय." मग स्वतःचा निकाल दिला: "तू तो पावसात नेला असशील. ओल तिथूनच शिरली."

हा वाद आमच्याकडे दहा वर्षांहून जास्त चालू आहे. कोणाच्या लग्नात फोटोग्राफर दिसला की अण्णा सुरू होतात: "आमच्या हिने पावसात नेला होता बरं का." म्हणून विचारणाऱ्यांना, आणि अण्णांनाही, पुन्हा सांगते: वापरून कॅमेरा बुरसत नाही, कोंडून बुरसतो.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. लेन्सला ४० ते ५० मानवते. तेव्हा दुकानदार काहीही चिकटवो, तुमची पहिली खरेदी म्हणजे रबरी रिंगचं घट्ट झाकण असलेला मोठा पारदर्शक डबा. स्वयंपाकघरात पीठ ठेवायला वापरतात तसला चालेल. त्यात अर्धा किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) कापडी पुरचुंड्या करून, आणि काही शे रुपयांना मिळणारा छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन भरले समजायचं. जुन्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नका, निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या, ते भरले की हिरवे होतात. आकडा ३० च्या खाली जायला लागला तर थोडी सिलिका काढून ठेवा, फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं वंगण वाळतं. तांदळात ठेवायचा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. तांदूळ ओलावा नावापुरता ओढतो आणि पीठ मात्र सगळीकडे सोडतो. फोमची बॅग ही फक्त नेण्यासाठी. घरी आलात की कॅमेरा बॅगेतून बाहेर आणि डब्यात. आणि एसीतून थेट दमट हवेत आलात तर बॅग लगेच उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या. नाहीतर काचेवर दव धरतं.

आता तुमची यादी, पटापट.

बॉडी कुठलीही घ्या. खरंच कुठलीही. निकॉन आणि कॅनन दोघांचाही जोर २०१८पासून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर गेला. त्यामुळे वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स आज फार बऱ्या भावात मिळतात. ५० हजारांतले निम्मे वाचवा आणि सेकंडहँड घ्या. घेताना शटर किती वेळा दाबलंय ते विचारा. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये तो आकडा असतो. आणि लेन्समधून टॉर्च आरपार मारून बघा, कशासाठी ते आता सांगायला नको.

लेन्सबाबत माझी फजिती आधी. बोरा बाजारातून, फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या बाजारातून, मी सुरुवातीला ५० एमएम १.८ डी घेऊन आले, स्वस्त मिळाली म्हणून (१.८ म्हणजे कमी उजेडातही चालणारी). घरी लावली तर ऑटोफोकस होईना. डी३२०० सारख्या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते, आणि 'डी' लेन्समध्ये ती नसते. दुकानदाराने सांगितलं नाही, पण मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर पैसे भरून ३५ एमएम १.८ जी आणली, 'एएफ-एस' लिहिलेली, म्हणजे आत मोटर असलेली. या बॉडीच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ती ५२ एमएमसारखी दिसते, म्हणजे चाळीच्या खोलीत माणूस पूर्ण मावतो. ५० तिथेच ७५ होते आणि तुमची पाठ भिंतीला लागते. कॅनन घेतलात तर हा मोटरचा घोळ नाही. कॅमेऱ्यासोबत येते ती किट लेन्स आणि अशी एक १.८ची, बस. लांबची झूम तुम्ही शिवडीला फ्लेमिंगो बघायला जायला लागलात की घ्या. तेही भरतीची वेळ बघून जा, नाहीतर २५० एमएममध्येही गुलाबी ठिपकेच येतील.

ट्रायपॉड नको. हजार-दीड हजारातला समुद्राच्या वाऱ्यात थरथरतो. आणि मरीन ड्राइव्हवर मी तो जेव्हा जेव्हा उभा केलाय, तेव्हा कोणीतरी शिट्टी वाजवत आलंय. कठड्यावर अर्धा किलो मूग भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काच, ही दुकानदाराची दक्षिणा. डिजिटल सेन्सरला त्याचा उपयोग नाही, आणि स्वस्तातला असेल तर रात्री दिव्यांची भुतं फोटोत नाचतात. तरी विसर्जनात मी लावते, कारण गुलाल. (त्या दिवशी लेन्स बदलायची नाही. गुलाल सेन्सरवर गेला की पुढच्या गणपतीपर्यंत निघत नाही.) धुळीसाठी रबरी ब्लोअर घ्या, तोंडाने फुंकू नका. बॅटरी एक जादा घ्या. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२चे दोन बरे, एक बिघडलं तरी अर्धे फोटो हातात राहतात. आणि कंपनीचं नाव छापलेली बॅग घेऊन विरार लोकल पकडू नका. साध्या सॅकमध्ये टाका आणि गर्दीत सॅक पुढे घ्या.

बोरा बाजारात जाणार असाल तर बिलाचा आणि बिनबिलाचा असे दोन भाव ऐकू येतील. नवीन वस्तू बिनबिलाची घेतलीत तर वॉरंटी विसरा. रविवारी जाऊ नका, तिथली बरीचशी दुकानं बंद असतात.

एक राहिलं, सांगितलं नाही तर खोटेपणा होईल. पाऊस वाईटच. हे साधे कॅमेरे पाणी अडवणारे नसतात. बाहेर न्यायचाच तर हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप बॉडीवर चढवा, घरी आल्यावर कोरड्या कापडाने टिपा आणि डब्यात टाकण्याआधी पंख्याखाली तासभर वाळवा. हे सगळं मला आता कळतं. २०१३च्या जूनमध्ये, हैदराबादला जायच्या दोन दिवस आधी, मरीन ड्राइव्हच्या लाटा बघायला मी कॅमेरा नेला होता. पण एकदाच नेला होता, ओढणीखाली होता, आणि भिजला तो स्ट्रॅप. लेन्स नाही.