‘बसेल’ म्हणाला, पण बसला नाही

प्रश्न : मी डिचोलीचा. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, एकटाच, घरातूनच. माझ्या आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्डासाठी वॉटर ब्लॉक (कार्ड पाण्याने थंड ठेवणारा भाग) बंगळुरूच्या एका ऑनलाइन दुकानातून मागवला. किंमत १४,८०० रुपये. आधी व्हॉट्सॲपवर कार्डाच्या खोक्याचा फोटो पाठवून ‘हा यावर बसेल ना?’ असं विचारलं होतं. ‘हो, बसेल’ असं उत्तर आलं. पार्सल येऊन तीन आठवडे झाले. मधले चार स्क्रू बरोबर लागले, पण ब्लॉकची कड बोर्डावरच्या एका उंच कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या छोट्या भागावर) टेकत होती. स्क्रू आवळत गेलो आणि तो कपॅसिटर तुटला. आता कार्ड स्क्रीनवर काहीच दाखवत नाही. दुकानदार म्हणतो, ‘फक्त रेफरन्स बोर्डासाठी’ असं साइटवर लिहिलं होतं, शिवाय माल वापरलेला आहे, परत घेणार नाही. ब्लॉकचे आणि कार्डाचे (६८,००० रुपये) पैसे मिळतील का?

उत्तर : ब्लॉकचे पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे. कार्डाचं अवघड आहे. दोन्ही मागण्या एकाच गाठोड्यात बांधाल तर दुसरीच्या वजनाने पहिलीही बुडेल, म्हणून त्या आधी वेगळ्या करू.

तुमचं पत्र वाचून मला निम्मं कळलं, उरलेलं निम्मं माझ्या भाच्याने समजावलं. मधली चिप एन्व्हीडिया कंपनीची, पण ती ज्या बोर्डावर बसते तो बोर्ड प्रत्येक कंपनी स्वतः आखू शकते. एन्व्हीडियाच्या मूळ आराखड्याप्रमाणे केलेला तो रेफरन्स बोर्ड. वीजपुरवठ्याचे भाग, कपॅसिटर, कडेची भोकं यांच्या जागा आपल्या सोयीने बदललेला तो कस्टम बोर्ड. ३०८०च्या बाबतीत तर एन्व्हीडियाचं स्वतःचं ‘फाउंडर्स एडिशन’ कार्डसुद्धा रेफरन्स बोर्डापेक्षा वेगळं आहे. आणि वॉटर ब्लॉकची खालची बाजू त्या त्या बोर्डाचे उंचवटे मोजून कोरलेली असते. मधले स्क्रू लागले कारण चिप तीच होती. मी म्हटलं, म्हणजे स्कूटरच्या आरशासारखं. गाडीचं नाव तेच, वर्ष बदललं की म्हापशाच्या बाजारात घेतलेला आरसा बसत नाही. भाचा म्हणाला, मामा, आरसा बसला नाही तर स्कूटर मरत नाही.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या कलम २(१०) मध्ये आहे आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. ब्लॉक फुटका असला तरच दोष, असं कायदा म्हणत नाही. करारानुसार किंवा विक्रेत्याने ‘कोणत्याही प्रकारे’ केलेल्या दाव्यानुसार जो दर्जा असायला हवा, त्यात उणीव असली तरी तो दोषच. व्हॉट्सॲपवरचं ‘हो, बसेल’ हा असा दावा आहे. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही हेच धरून चालतात. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे किंवा ‘ठरल्याप्रमाणे’ वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. दुकानदार जाहिरातीकडे बोट दाखवणार. तुम्ही ‘ठरल्याप्रमाणे’ या शब्दावर उभे राहा. साइटवरची सूचना सगळ्यांसाठी होती, ‘बसेल’ हे उत्तर तुमच्या कार्डाच्या खोक्याचा फोटो पाहून तुम्हाला दिलेलं होतं.

पण तो फोटो मोठा करून पाहा. त्यात पूर्ण मॉडेल क्रमांक आणि रिव्हिजन (बोर्डाची आवृत्ती) वाचता येते का? येत असेल तर तुम्ही पक्के. फोटोत नुसतं ‘आरटीएक्स ३०८०’ दिसत असेल, तर दुकानदाराचा वकील म्हणेल की ग्राहकाने अर्धीच माहिती दिली. १९३० च्या मालविक्री कायद्यातही तोच मुद्दा येतो. कलम १६ प्रमाणे आपला हेतू विक्रेत्याला सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या हेतूला योग्य असली पाहिजे. मात्र नाव-मॉडेल सांगून ठरावीक वस्तू मागवली तर ही हमी गळून पडते, अशी पळवाट त्याच कलमात आहे. तुम्ही ‘बसेल ना?’ विचारून मग मागवलात, म्हणून ती पळवाट बऱ्यापैकी बंद होते. (घराण्याची वाटणी, वारसा यांत आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, म्हणून काहीजण खरेदी-विक्रीलाही तोच लागू समजतात. इथे तसं नाही.)

‘माल वापरलेला आहे’ या बोलण्याला घाबरू नका. वस्तू बसते की नाही हे लावून पाहिल्याशिवाय कळणार कसं? माल तपासून पाहायची वाजवी संधी कायदाच देतो. अडचण त्यापुढची आहे. ब्लॉक टेकतोय हे दिसल्यावर तुम्ही स्क्रू आवळलेत. वाईट वाटेल, पण मी तुमच्या समोरचा वकील असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

म्हणून कार्डाची मागणी डळमळीत आहे. विक्रेत्याने उत्पादकाच्या हमीखेरीज स्वतः हमी दिली आणि ती खोटी ठरल्याने नुकसान झालं, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ खाली तो जबाबदार धरला जाऊ शकतो. लगेच पुढच्या कलम ८७ मध्ये म्हटलं आहे की वस्तूचा गैरवापर झाला असेल तर ही जबाबदारी उरत नाही. जोर लावणं हा गैरवापर की नवख्या माणसाची साहजिक चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. काही वर्षं वापरलेल्या कार्डाचे ६८,००० मागू नका. कपॅसिटर पुन्हा सोल्डर करून कार्ड उठतं का ते विचारा. उठत असेल तर दुरुस्तीचा खर्च मागा. तो रास्त वाटतो आणि नुकसान कमी ठेवायची तुमचीही जबाबदारी आहेच. कार्डाची वॉरंटी शिल्लक असली तरी मूळ हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) काढल्यावर कंपनीकडून फार आशा धरू नका.

पण दुरुस्तीला देण्याआधी एखाद्या सर्व्हिस सेंटरकडून लेटरहेडवर लिहून घ्या : बोर्डावर छापलेला क्रमांक, ब्लॉक कुठे टेकतो, कुठलं भोक जुळत नाही, काय तुटलं. फोटोही त्यांच्यासमोर काढा. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं आणि आयोगाला तांत्रिक चाचणी हवी वाटली तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची सोय कायद्यात आहे, पण त्यात वेळ जातो. ब्लॉक, त्याचं खोकं, थर्मल पॅड, स्क्रू, सगळं जपून ठेवा.

आता लगेच नोटीस पाठवा. बिलावर मुदत नसेल तर सदोष माल परत घ्यायला ३० दिवस धरले जातात आणि त्यातले तीन आठवडे गेलेत. मजकूर साधा असू द्या. अमुक तारखेला कार्डाच्या खोक्याचा फोटो पाठवून विचारलं, ‘हो, बसेल’ असं लेखी उत्तर मिळालं, त्यावर विसंबून १४,८०० रुपये भरले, ब्लॉक माझ्या बोर्डाचा नाही. पंधरा दिवसांत ब्लॉक स्वखर्चाने परत न्या आणि पैसे द्या. तीच नोटीस ईमेलनेही त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्यांच्यावर बंधन आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेकदा तिथेच गाडं हलतं.

नाहीच हललं तर पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. दुकान बंगळुरूचं असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही (हे मीच सांगतोय), मुदत दोन वर्षं. एडिटिंग हा तुमचा धंदा आहे म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येऊ शकतो. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस कलम २(७) खाली ग्राहकच असतो, म्हणून तक्रारीत ‘एकटाच, घरातूनच’ हे तुमचेच शब्द घाला. हातची कामं गेली असं म्हणायचं असेल तर त्या लग्नांच्या ऑर्डरचे मेसेज जोडा, नाहीतर तो परिच्छेद वगळा.

व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लावा. आयोग पुराव्याच्या नियमांत तितका कडक नसतो, तरी मूळ फोन विकू नका, बदलू नका. आणि त्या चॅटला आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर हे वाचून झाल्याबरोबर बंद करा.